आधी उताराचं बोला

आमच्या सरांना गाडी चालवता येत नव्हती. ट्रॅक्टर सोडाच, सायकलही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसू यायचं असेल तर आत्ताच येऊन जाईल. पुढं ते फारसं यायचं नाही.

शिरूरला मार्केट यार्डाच्या रस्त्यावर ट्रॅक्टरची एजन्सी आहे. तिथं सर विक्रीचं सगळं बघायचे आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. आता सर नाहीत, त्यांच्या खुर्चीत मी बसतो. बसतो म्हणजे कडेला बसतो. पूर्ण टेकून बसायला मला अजून जमलेलं नाही.

सर मिशनच्या आवारात वाढलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मे महिन्यातही बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. बोलणं स्वच्छ, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा. सगळ्यांना 'तुम्ही'. शोरूमच्या दारात आडवं पडलेलं कुत्रं असायचं, त्यालाही ते "आपण जरा सरकून घेता का?" म्हणायचे, आणि ते सरकायचं. गिऱ्हाईक मात्र सरकत नसे. कारण सर गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न असा विचारायचे, की माणूस तिथंच अडून बसायचा.

आमच्याकडं येणारा शेतकरी आल्या आल्या सांगायचा, "मास्तर, दोन ट्रॉल्या ऊस भरून चढाला वडला पायजे. फुडनं उठला न्हाई पायजे. तसला दावा."

सर चष्मा काढायचे. "चढाचं मागाहून बघू. आधी उताराचं बोला."

"उताराचं काय बोलायचं? उताराला तर काय, आपुआप येतंय."

"तेच तर," सर म्हणायचे. "आपोआप येतं."

असं म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मला सुरुवातीला वाटायचं, हे गिऱ्हाइकाला घाबरवायचं नाटक आहे. मग कळलं की सर खरंच भितात. रोज, नव्यानं भितात. रस्त्यानं जाताना मागून भरलेली ट्रॉली येताना दिसली, की ते पहिल्या दिसेल त्या दुकानात शिरून उभे राहायचे. एकदा मी म्हणालो, "सर, लांब आहे अजून ती." ते म्हणाले, "लांब आहे म्हणूनच आत आलो. जवळ आल्यावर कोण येऊ देतं?"

त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी असायची. तिच्यात जेवणाचा डबा आणि बाभळीचा तिरका कापलेला एक ठोकळा. उतारावर विनाचालक गाडी उभी दिसली, की सर वाकून तो ठोकळा तिच्या चाकाखाली सारायचे. मग पंचाईत अशी, की ठोकळा परत तर हवा. म्हणून मालक येईपर्यंत तिथंच उभे. एकदा एका दुधाच्या टेम्पोपाशी ते असे उभे राहिले. दूधवाला आला तो थेट त्यांच्या शर्टालाच झोंबला. "क्यान काढतूस व्हय रं म्हाताऱ्या?" सर म्हणाले, "आपण हँडब्रेक ओढलेला नाही." दूधवाल्यानं पाहिलं, तर खरंच ओढलेला नव्हता. पण कुणाचं खरं निघालं म्हणून माणूस त्याच्यावर खूश होतो, असं काही नाही. त्यानं सरांचं नाव उतारमास्तर ठेवलं आणि ते गावभर झालं.

त्यांच्या दोन रीती होत्या आणि त्या दोन्हींनी एजन्सीचे मालक जेरीस आले होते.

पहिली रीत हातगाडीची. यार्डातल्या हमालांची जुनी दोनचाकी हातगाडी सरांनी आणून ठेवली होती. पुढं दोन दांड्या, वर वाळूची पोती. शोरूमपुढं ट्रॅक्टर खाली आणायला सिमेंटचा उतार आहे. ज्याला डबल ट्रॉली ओढायची आहे, त्यानं आधी दांड्यांच्या मध्ये उभं राहून ही गाडी वर चढवायची. ते कुणीही करायचा. हसत करायचा. मग सर म्हणायचे, "आता अशीच खाली न्या. तोंड पुढं, ओझं मागं." आणि हातगाडीच्या मागं बांधलेला दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळून उभे राहायचे. "मी धरलंय मागून. घाबरू नका."

खाली येताना पाठीत गाडी रेटायला लागली की माणसाची टाच घसरायची. हसणं थांबायचं. सर मागून विचारायचे, "पाठीशी काय आलं?"

"वजान आलं."

"तुम्ही ओढताय का आता?"

"न्हाई. त्येच ढकलतंय मला."

"ट्रॅक्टरलाही असंच ढकलतं. फक्त त्याला बोलता येत नाही."

मग गाडी कोणती घ्यायची ते ठरायचं. सरांचं म्हणणं साधं होतं. ट्रॅक्टर स्वतः अंगानं भारी हवा. मागं जे लावाल त्याच्यापुढं तो चिलटासारखा दिसता कामा नये. एचपी ओढायला असतो, थांबवायला अंग लागतं आणि ब्रेक लागतात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेत. ते नसतील तर एकच ट्रॉली. आणि उताराला न्यूट्रल कधी नाही.

दुसरी रीत बायकांची. डबल ट्रॉलीचं गिऱ्हाईक असेल तर घरच्या बाईला शोरूममध्ये आणल्याशिवाय सर नोंदणी करत नसत. तिला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, आणि नवऱ्यासमोर तिला विचारायचं, "ताई, तुमचा रस्ता कुठून उतरतो?" पुरुष गडबडायचे. बाई मात्र पदर सावरून बरोबर सांगायची. ओढा कुठं, वळण कुठं, डांबर कुठं उखडलंय, मागच्या साली कुणाची गाडी कुठं पडली. सर म्हणायचे, "बाप्ये चढ सांगतात. उतार बायकांना पाठ असतो."

त्यांच्या या भीतीमागं काहीतरी घडलेलं असणार, असं सगळे म्हणायचे. कुणी म्हणे भाऊ चिरडला, कुणी म्हणे मुलगा. एकदा चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं. सर म्हणाले, "माझ्यासमोर काहीही घडलेलं नाही."

"मग सर?"

"मग काय? विहिरीत पडल्यावरच खोली कळते का?"

ते कायम बरोबर असत असंही नाही. एका बागायतदाराला त्यांनी नकार दिला होता. त्यानं दुसरीकडून ट्रॅक्टर घेतला आणि दर दसऱ्याला आमच्या दारात उभा करून सरांना पेढा द्यायला यायचा. "जित्ता हाय बरं का, मास्तर!" सर पेढा घ्यायचे. "आनंद आहे. ब्रेक दाखवा." एवढं म्हणून चष्मा लावून खाली वाकायचे. सगळी एजन्सी हसायची. मीही.

आता दाजींचं सांगतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मांडवगण फराट्याचे. तरुणपणी जत्रेत कुस्त्या मारलेला माणूस. दार भरून टाकायचे. त्यांचा ऊस भीमा ओलांडून दौंडच्या बाजूच्या कारखान्याला जायचा. त्यांना छोटा ट्रॅक्टर हवा होता, वावरात सरी पाडायला सोपा पडतो म्हणून, आणि त्यालाच दोन ट्रॉल्या लावायच्या होत्या. सगळ्यांच्याच असतात तशा.

अक्काला घेऊन ते शोरूमला आले. सरांनी हातगाडी दाखवली. दाजी खूश झाले. शर्टाच्या बाह्या वर सारून दांड्यांत शिरले आणि एका दमात गाडी वर नेली. उतरायची वेळ आली तर म्हणाले, "दोर सोडा, मास्तर. मला मागनं कुणी धरायची सवं न्हाई."

सरांनी दोर सोडला नाही. दाजींनी हिसका दिला, तसा तो सरांच्या मनगटावरून सळकन गेला. सरांच्या मनगटावर लाल वळ उठला. दाजी एकटे खाली आले, एकेक पाऊल रोवत, आणि शेवटी गाडी पाठीवर तोलून उभे राहिले. "बगा. थांबीवलं का न्हाई?"

"तुम्ही थांबवलंत," सर म्हणाले. "ट्रॅक्टर तुमच्या अंगाचा नाही." मग अक्काकडं वळले. "ताई, रस्ता कुठून उतरतो?"

"पुलाकडं," अक्का म्हणाली. "लई उतार हाय तितं, आन् खाली नदी."

"एक ट्रॉली लावा," सर दाजींना म्हणाले. "नाहीतर मोठा ट्रॅक्टर घ्या. हा मी देणार नाही."

दाजींचा चेहरा उतरला नाही, चढला. माझ्याकडं बघून म्हणाले, "काय मेव्हणं? सायकल येत न्हाई त्यो माणूस आमाला बिरेक शिकवणार, आन् तुमी बगत बसनार?"

घरी वडिलांच्या कानावर गेलं. आबा एवढंच बोलले, "जावई हाय. शब्द खाली पडू दिऊ नगं." आमच्याकडं जावयाला वाढताना भाकरी संपली, असंही म्हणायची पद्धत नाही. मग हा ट्रॅक्टर मिळणार नाही असं कसं म्हणायचं? मला सरांचं पटलं नव्हतं असं नाही. पूर्ण पटलं होतं. तरीही जावयाला नाही म्हणायची भीती पुलापेक्षा मोठी निघाली. ती जवळची होती ना.

त्या साली दसरा रविवारी आला. रविवारी सकाळी सर उपासनेला जायचे, दुपारपर्यंत यायचे नाहीत. मी मालकांना म्हणालो, घरचं गिऱ्हाईक आहे, मुहूर्त आहे, मीच करतो सगळं. मालकांना काय, हवंच होतं. अक्कानं ट्रॅक्टरला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. दाजींनी मला मिठी मारली.

तेवढ्यात सर आले. लवकर का आले ते मला माहीत नाही. हातात गीतांचं पुस्तक, खांद्याला पिशवी. त्यांनी हार घातलेला ट्रॅक्टर पाहिला, मला पाहिलं. मी पेढ्यांचा बॉक्स पुढं केला. त्यांनी पेढा घेतला. मग पिशवीतून ठोकळा काढला आणि अक्काच्या हातात दिला.

"ताई, हा असू द्या तुमच्याजवळ."

"ह्येचं काय करू, काका?"

"उभ्या गाडीच्या चाकाखाली ठेवायचा. चालत्या गाडीचं माझ्याकडं काही नाही."

त्यावरून मला ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर कधीच नाही. पिशवीत त्यांनी नवा ठोकळा मात्र केला नाही. त्यानंतर उतारावर गाडी दिसली की नुसतेच थोडं थांबायचे आणि पुढं जायचे.

माझी भीती तिथून सुरू झाली. गळीत हंगाम सुरू झाला की मला झोप लागेना. फोन वाजला की आधी नाव बघायचो. अक्काचं असलं की उचलायला हात जड व्हायचा. ती विचारायची, "भाऊ, हुरडा पाठवू का?" आणि माझा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा.

मग एका हंगामात मी दौंडहून मोटारसायकलवर परत येत होतो. दिवस मावळायला आला होता. पूल ओलांडून अलीकडच्या चढाला लागलो, तर समोरून, वरून, दाजींचा ट्रॅक्टर खाली येत होता. मागं दोन ट्रॉल्या, ऊस आभाळाला भिडलेला.

इथं एक सांगायला हवं. ट्रॅक्टरला ब्रेक दोन असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. वावरात झटकन वळायला एकच दाबतात. रस्त्याला लागताना मधली पट्टी अडकवायची, म्हणजे दोन्ही एकदम लागतात. दाजींनी सकाळी सऱ्या पाडल्या होत्या. पट्टी अडकवायची राहिली होती.

त्यांनी ब्रेक दाबला आणि एकच चाक धरलं. ट्रॅक्टरनं तोंड बाजूला फिरवलं, बैल जसं जू टाकायला मान काढतो तसं. पुढची ट्रॉली त्याच्या बगलेत घुसली. मागची ट्रॉली सरळच येत होती. ती थांबायला तयार नव्हती. उसाच्या मोळ्या एकमेकींवर घासल्याचा आवाज येत होता, सर्र सर्र, आणि तो आवाज माझ्याच दिशेनं येत होता. मी गाडी टाकली आणि खड्ड्यात उडी मारली. ओरडलो नाही.

पुलाच्या कठड्याच्या अलीकडं मातीचा ढीग होता. पुढचं चाक त्यात रुतलं आणि सगळं थांबलं. ट्रॅक्टरच्या वर दाजी दोन्ही हातांनी स्टेअरिंग कवळून बसले होते. चेहरा राखेसारखा झाला होता. मला बघितलं तसे हसले.

"काय न्हाई झालं," म्हणाले. "आवं, माती हुती की फुडं."

"दाजी..."

"तुमच्या अक्काला बोलू नगा."

मी बोललो नाही. अक्काला नाही, आबांना नाही. सरांना तर नाहीच.

सर पुढं निवृत्त होऊन दौंडला गेले, स्टेशनजवळ मुलीकडं. आजारी आहेत असं कळलं तेव्हा मी भेटायला गेलो. खाटेवर होते. शर्टाच्या बाह्यांची बटणं लावलेलीच. खाटेच्या एका पायाखाली घडी केलेला पुठ्ठा होता. मी त्याकडं पाहिलं तसं ते म्हणाले, "फरशीला उतार आहे." आणि जरा हसले. मी आज सांगायचंच ठरवून गेलो होतो. मोसंबी खाली ठेवली, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं.

"ताईंचा तो ट्रॅक्टर चालतोय?"

"चालतोय, सर."

"आणि थांबतोय?"

नळाला पाणी आलं होतं, बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं. मला सगळं आठवलं, मोळ्यांचा आवाज, राखेचा चेहरा. मी म्हणालो, "थांबतोय. काही त्रास नाही."

सरांनी डोळे मिटले. ते न उघडताच म्हणाले, "मग माझंच चुकलं म्हणायचं. उगाच भ्यालो, लोकांनाही घाबरवलं."

माणूस आयुष्यभर एकच गोष्ट खरी मानून तिच्यापायी हसं करून घेतो, आणि शेवटी एक जण त्याला खोटंच सांगतो की ती खरी नव्हती. तो मी. त्यांना समाधान वाटावं म्हणून खोटं बोललो असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. तसं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर ते माझ्याकडं बघणार होते, आणि त्या बघण्याला मी भ्यालो. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

यंदा हंगामाच्या तोंडावर दाजींचा फोन आला. जुना ट्रॅक्टर थकलाय, बदलून द्या. "तसलाच द्या. सवं झालीय."

"अक्काला घेऊन या," मी म्हणालो.

"तिचं काय काम?"

"तिला आणल्याशिवाय देणार नाही, दाजी."

जावयाला एवढं मी पहिल्यांदाच बोललो. पण ते आले. दाजींचे केस आता पांढरे झालेत, खांदे उतरलेत. मी अक्काला खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि सरांच्या खुर्चीत प्रथमच नीट बसून विचारलं, "अक्का, रस्ता कुठून उतरतो?"

तिनं दाजींकडं बघितलं नाही. पेल्याकडं बघत बोलली.

"ट्राल्या भरून निघाल्या का मी पुलाच्या वरल्या अंगाला जाते. बाभळी हायेत तितं. शेळ्यांला पाला काढायचा म्हून. गाडी पूल वलांडून पल्याडच्या चढाला लागली का मग घरी येते."

"रोज?" मी विचारलं.

"रोजच."

"त्या दिवशी... गाडी वाकडी झाली तेव्हा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाभळीखालीच हुते. तू खड्ड्यात उडी मारली ती बी बघितली. तुमी दोगं बोलला न्हाई, मग मी बी न्हाई बोलले."

दाजी खेकसले, "कसल्या शेळ्या गं? आपल्या शेळ्या तर कवाच इकल्या."

"व्हय," अक्का म्हणाली. "लई वर्सं झाली इकून."

दाजी उठले. मला वाटलं निघून जातात. ते दारात जाऊन उभे राहिले, तिथून शेडमध्ये गेले. सरांची हातगाडी तिथं धूळ खात पडली होती. मी ती काढलीही नव्हती आणि टाकूनही दिली नव्हती. त्यांनीच बाहेर ओढली. आमच्या माणसांनी वाळूची पोती चढवली. दाजींनी गाडी वर नेली. या वेळी दोनदा थांबून, दम घेऊन. वर जाऊन वळले. तोंड पुढं, ओझं मागं. मी दोर मनगटाला गुंडाळला.

अर्ध्या उतारावर त्यांची टाच घसरली. गाडी त्यांच्या पाठीवर आली आणि दोर माझ्या मनगटात रुतला. त्यांनी दांड्या अंगाशी ओढून धरल्या, तो ताण दोरातून माझ्यापर्यंत येत होता. अक्कानं आपल्या पिशवीतून सरांचा ठोकळा काढला, कडा झिजून गोल झालेला, आणि वाकून चाकाखाली सारला. गाडी टेकली. आता ती कुठं जाणार नव्हती.

तरी दाजींनी दांड्या सोडल्या नाहीत. मान न वळवता, हळू, अक्काला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "मेव्हणं, धरलंय न्हवं मागनं?"

"धरलंय, दाजी."

"सोडू नगा."